‘येते’ म्हणणारी कश्मिरा

देवधरांच्या घरात ‘जाते’ हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. सुहासिनीबाई मूळच्या कऱ्हाडच्या. लग्नानंतर चंदीगडला आल्या आणि सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत जंतूंवर काम करता करता इथल्याच होऊन गेल्या. राजमा शिकल्या, भाजीवाल्याशी पंजाबीत हुज्जत घालायला शिकल्या, पण उंबऱ्यावरचा कायदा मात्र कऱ्हाडचाच राहिला. लेक शाळेला निघताना ‘जाते’ म्हणाली, की दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी ही विदुषी धावत उंबऱ्याशी यायची. "जाते काय म्हणतेस? येते म्हण!" आणि मग स्वतःच उत्तर द्यायच्या, "ये!"

लेक, म्हणजे कश्मिरा, इथल्या मराठी पोरांसारखीच. समजायचं सगळं, बोलायची हिंदीत. त्यामुळे आईचा कायदाही तिने हिंदीत पाळला. कुठूनही निघताना ती म्हणायची, "अच्छा, मैं आती हूँ." मैत्रिणींना वाटायचं, पाणी प्यायला गेली असेल. कश्मिरा तोवर घरी पोचलेली असायची.

याच चुकीतून पुढे बँड उभा राहिला, हे सांगून कुणाला खरं वाटायचं नाही.

कॉलेजात असताना ती गिटार घेऊन पंचकुल्याला गेली. तिथे अंकुश नावाचा मुलगा वडिलांच्या गॅरेजमध्ये ड्रम बडवायचा आणि त्याचा मोहालीचा मित्र जसकरण बेस गिटार वाजवायचा. त्यांना गायक हवा होता. हिने स्वतः रचलेलं एक गाणं म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि "सोचके बताते हैं" म्हणाले, म्हणजे नकोच. कश्मिराने निमूट गिटार पिशवीत घातली, "अच्छा, मैं आती हूँ," म्हणाली आणि बस पकडून सरळ घरी आली.

पोरं बसली वाट बघत. वेळ जावा म्हणून तिचीच चाल वाजवून पाहू लागली. वाजवता वाजवता दोघांच्या लक्षात आलं, की मघाशी इथे काहीतरी मोठं होऊन गेलं आणि आपण मठ्ठासारखे बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी जसकरणचा फोन आला, "कहाँ रह गई यार? हम इंतज़ार ही करते रह गए!" त्या ‘आती हूँ’ची कुळकथा कळल्यावर त्यांनी बँडचं नाव ठेवलं ‘येते’.

पुढची वर्षं काही मखमली नव्हती. लग्नाच्या हॉलवाल्यांना नाचायची गाणी हवी असत, यांना स्वतःचीच वाजवायची असत. साऊंडवाला गिटारची वायर कुठे लावायची ते हटकून पोरांना विचारायचा, आणि पोरं हटकून हिच्याकडे बोट दाखवायची. रेकॉर्ड कंपनी नाही, मॅनेजर नाही. दिवसा ती सेक्टर ३४ मधल्या कोचिंग क्लासात केमिस्ट्री शिकवायची. तिथे घसा झिजवून संध्याकाळी गॅरेजमध्ये त्याच घशाने गायची. रेकॉर्डिंगही तिथेच, ओळखीच्यांकडून मागून आणलेल्या गाद्या भिंतींना टेकवून. गाणी इंटरनेटवर गेली आणि हळूहळू शिमला, दिल्ली, गुवाहाटीहून बोलावणी येऊ लागली.

सुहासिनीबाई मात्र कित्येक वर्षं कार्यक्रमाला फिरकल्या नाहीत. "मला तो दणका झेपत नाही गं," म्हणायच्या. शेवटी एकदा हिवाळ्यातल्या दुपारी विद्यापीठाच्या मैदानावर गेल्या. घरात दहा वेळा विचारल्यावर एकदा ‘हूँ’ करणारी ही मुलगी तिथे उभी राहून गायला लागली, आणि बाईंनी तोंडावर हातच ठेवला. हा आवाज आपल्या घरात राहतो? आपल्या डब्यातली पोळी खातो? गाणी संपल्यावर कश्मिरा माईकपाशी आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "येते!"

"ये!" सगळं मैदान ओरडलं. पगडीवाली पोरं, हरियाणवी पोरी, मराठीचा गंध नसलेली, कार्यक्रमांना येऊन येऊन हा एवढाच शब्द शिकलेली ती हजारो तोंडं. उंबऱ्याशी रोज आपण एकटीने दिलेलं उत्तर ती देत होती. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या रडल्या आणि मग पदराने चष्मा पुसत बसल्या.

आणि गेल्या वर्षी जसकरणचा कॅनडाचा व्हिसा आला.

इथे ज्याच्या-त्याच्या घरातलं कुणीतरी कॅनडाला असतंच, त्यामुळे नवल कुणालाच वाटलं नाही. पण कश्मिराने सांगून टाकलं, दुसरा बेसवाला घ्यायचा नाही. तिघं नसतील तर ‘येते’ नाही. जसकरण निरोपाला घरी आला, सुहासिनीबाईंच्या पाया पडला आणि म्हणाला, "जा रहा हूँ, आंटी जी." बाईंच्या ओठांवर कायदा आला होता, पण त्यांनी तो गिळला. परदेशी निघालेल्या पोराला खोटं कशाला बोलायला लावायचं? त्यांनी त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

शेवटचा कार्यक्रम त्याच मैदानावर झाला. कश्मिरा अशी गायली, की शेजारचा अनोळखी मुलगा सुहासिनीबाईंचा हात धरून उभा राहिला आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. शेवटचा सूर विरला. ती माईकपाशी आली. मैदान ‘ये’ म्हणायला श्वास भरून तयार होतं.

जिला आईने कधी ‘जाते’ म्हणू दिलं नव्हतं, ती मुलगी नुसती उभी राहिली. या वेळी निघाला होता जसकरण, ती नव्हे; मग ती काय म्हणणार?

तेव्हा इतक्या वर्षांत एकदाही माईकला तोंड न लावलेला जसकरण पुढे आला. गळ्यातली बेस मागे सारून वाकला आणि मोहालीच्या हेलात म्हणाला,

"येते."

येतो म्हण रे, मुलगा आहेस तू! बाईंच्या जिभेवर आलंच होतं. साऱ्या जन्मात त्यांनी हा शब्द कुणाचा चुकीचा जाऊ दिला नव्हता. कश्मिराने वळून आईकडे पाहिलं.

"ये!" सुहासिनीबाई एकट्याच, कऱ्हाडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या. "ये रे बाळा, लवकर ये!"