ग्रिलमधलं दार

काल रंगारी खिडकीच्या ग्रिलला रेड ऑक्साइड मारत होता. त्या वासानं लातूरच्या ह्या घराची दुरुस्ती काढली होती, तो दिवस आठवला. घरात आई आणि मी दोघंच. गल्लीत चोऱ्या वाढल्या होत्या, म्हणून लाकडी खिडक्या काढून स्लायडिंग बसवल्या आणि बाहेरून जाड ग्रिल सांगितलं. वेल्डर माप घेत असताना आई म्हणाली, "ह्याला दार ठेव, बाबा." मी चिडलो, "चोरासाठी वाट करायलीस का?" वेल्डरनं ग्रिलमध्ये कुलपाचं छोटं दार केलं. आईनं किल्ली खिडकीशेजारी खिळ्याला अडकवली, पदर खोचला, काच सरकवली आणि त्या दारातून स्वतः अंगणात उतरली. कोपर सोललं. "लई अरुंद हाय," ती धापा टाकत म्हणाली, "दोघींना एकदम निघता आलं पाहिजे." त्र्याण्णवच्या भूकंपात ती खिडकीतून निघाली होती आणि मागून येणारी तिची धाकटी बहीण आतच राहिली होती. दार रुंद करून घेतलं. आता आईही नाही. रंगाऱ्यानं विचारलं, "साहेब, खिडकीला एवढं मोठं दार कशाला?" मी खिळ्याला किल्ली आहे ना, तेवढं हात लावून पाहिलं.