मधल्या रस्त्याचे मामंजी

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, देवासच्या बाजारात नेहमी रस्त्याच्या बरोबर मधून चालत. मागून टांगेवाला "ओ काका, बाजू!" म्हणून घसा फोडी, तरी ते हलत नसत. हा तोरा नव्हता, भीती होती. त्या काळी गाव एक आणि राजे दोन. रस्त्याच्या एका अंगाला थोरल्या पातीचं राज्य, दुसऱ्या अंगाला धाकट्या पातीचं. एका कडेने चाललं तर समोरचा म्हणेल, हा त्यांचा माणूस. "टांगा अंगावर आला तर हाड मोडेल, सूनबाई," ते म्हणत. "दरबार अंगावर आला तर काय काय मोडेल?"

त्यांच्या भीतीला कारणही होतं. आम्ही कुंभार, पूर्वज फौजेमागून दक्षिणेतून आलेले. घर आणि भट्टी थोरल्या पातीत, तर माती काढायची ती तळ्याकाठी, धाकट्या पातीत. एक दरबार रुसला तर छप्पर जायचं, दुसरा रुसला तर चाकच थांबायचं. मी धरमपुरीची, नर्मदेचे पूर बघत वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांचं हसूच येई. वर्षभरात मीही दोन्हीकडच्या शिपायांना सारखीच वाट द्यायला लागले. भीती सर्दीसारखी घरभर पसरते.

कौतुकाचंही त्यांना भय. कोणी बरणीला छान म्हटलं की, "अजून भट्टी व्हायची आहे, भिया, भाऊ माझ्या." भट्टीतून निघालेल्या बरणीला म्हटलं तर, "अजून गिऱ्हाइकाच्या घरी पोचायची आहे." पोचलेल्या बरणीची बातमी तर ते ऐकतच नसत, कानाला हात लावून उठून जात.

एका उन्हाळ्यात, कैऱ्या उतरायच्या सुमारास, दोन्ही राजवाड्यांच्या मुदपाकखान्यांतून लोणच्याच्या बरण्यांची मागणी एकदमच आली. दुसरा कुंभार आनंदाने नाचला असता. मामंजी जेवले नाहीत. आधी कोणाची भट्टी लावायची? शेवटी त्यांनी सगळ्या बरण्या एकाच भट्टीत रचल्या, कोणावरही खूण न करता. "कोणाची कोणती ते बाहेर आल्यावर ठरेल. आत तडकली तर ती कोणाचीच नाही."

भट्टी निवली तेव्हा सकाळ होती. मामंजींनी मुखावरची वीट काढली आणि आत हात घालायचं धाडस होईना म्हणून तसेच बसून राहिले. आमच्या ह्यांनीच एकेक बरणी बाहेर काढली. वरच्या थरातल्या बऱ्याच तडकल्या होत्या. धडधाकट राहिल्या त्या मामंजींनी दोन ओळींत मांडल्या, इकडे एक, तिकडे एक. शेवटी एक उरली.

तीच सगळ्यांत देखणी. झिलईचा रंग कैरीच्या सालीसारखा, कुठे डाग नाही. मामंजींनी बोटाच्या पेराने टिचकी मारली, तसा नाद मी पुन्हा ऐकला नाही.

"घरात राहू दे आपल्याला," हे म्हणाले.

"घरात? दोन्हीकडचे म्हणतील, आमची चोरली. बिलकुल नाही."

"मग द्या कोणाला तरी."

"कोणाला?" मामंजींनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "सूनबाई, दार लाव."

मी दार लावलं. कच्च्या मडक्याला कोणाचं बोट लागलं तरी ज्यांचा श्वास अडकायचा, त्या माणसाने लाकडी थापी उचलली आणि एकच घाव घातला. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. "आवाज नको," ते पुटपुटले. खापऱ्या आम्ही अंगणात पुरल्या.

दुपारी दोन्ही राजवाड्यांच्या गाड्या आल्या. मामंजी दोन्ही ओळींमध्ये उभे राहून मोठ्याने मोजायला लागले. धाकट्या पातीचा गाडीवान हसला, मोजून काय करायचं म्हणाला. "गिणी ने कईं करनो, काका? अचार ज तो भरनो हे!" थोरल्या पातीचा माणूस तर एव्हाना बरण्या गवतात गुंडाळून चढवायलाही लागला होता. कोणी मोजलंच नाही. मामंजी पायरीवर बसले ते दिवेलागणीपर्यंत. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघून रडूही येत होतं.

पुढे ते अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनी ह्यांना एकच विचारलं, "मला कोणत्या कडेने नेणार?"

"मधून," हे म्हणाले. तेव्हा कुठे त्यांना झोप लागली.

तिरडी रस्त्याच्या बरोबर मधून निघाली. मी दारातून बघत होते. टांगेवाल्यांनी न ओरडता टांगे बाजूला घेतले. दोन्हीकडच्या शिपायांनी आपापल्या कडेला थांबून हात जोडले. मामंजींना हाक मारून सांगावंसं वाटलं, बघा, कोणीसुद्धा रुसलेलं नाही. पण त्या क्षणी माझे डोळे बघत होते ते एवढंच, की कोणत्या बाजूने आधी हात जोडले.