मामाचा गिलावा

लिही, आजी सांगते तसं. तुझ्या आईचा मामा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, शाळेत शिपाई होता. मी त्याच शाळेत झाडलोट करायचे. पोरं त्याला मामा म्हणायची, मग मास्तर म्हणायला लागले, शेवटी मोठ्या बाईसुद्धा मामाच म्हणायच्या. आख्ख्या गावाला भाचे करून बसला होता.

इमारत दोन मजली, जुनी. दुरुस्तीला पैसे मागितले की वरून उत्तर यायचं, नाहीत. मग काय, मामाच थापी घ्यायचा. भेग दिसली की बुजव, ओल दिसली की चुना मार. हात असा साफ की मिस्त्री बघत राहावा. कुणी म्हणालं ना, "मामा, शाळा कशी नवीकोरी ठेवलीय," की दिवसभर मिशीत हसायचा.

आणि एकदाचे सरकारनं पैसे काढले. पण आमच्या भागात एकाच शाळेला मिळणार. जिची अवस्था सगळ्यात वाईट, तिला. ते ठरवायला इंजिनिअर साहेब येणार होते. बाई गावाला गेलेल्या, जाताना एवढंच सांगून गेल्या, साहेब येणारेत; कशाला, ते नाही. आता साहेब येणार म्हटल्यावर आपण काय करतो? आवरतो. मामानं पहिलीच्या वर्गाचं छत लिंपलं, चुना दिला, फुगलेल्या भिंतीपुढं कपाट सरकवलं. मी फरशी घासली, ते सांगायला नको.

सकाळी बाई आल्या, वर बघितलं आणि मटकन खाली बसल्या. "मामा, अहो हे काय करून ठेवलंत?"

बोलायला वेळच नव्हता. गाडी दारात. साहेब माणूस वाईट नव्हता, पण घाईत. पहिलीच्या वर्गात आला, छताकडं बघितलं आणि म्हणाला, हे तर धडधाकट आहे. बाई सांगत होत्या, आत सगळं पोकळ आहे, वरवर लिंपलंय. तो म्हणाला, "बाई, सगळ्याच शाळा असं म्हणतात. मला दिसतं ते मी लिहिणार." आणि निघाला की.

मी मामाकडं बघत होते. तोंड पांढरं पडलेलं. एकदम पोरांना म्हणाला, चला रे, सगळे मैदानात. आणि कोपऱ्यातली पहार उचलली.

साहेब दारातून वळला. "हात लावलास तर सरकारी इमारतीची तोडफोड म्हणून तेही लिहीन. नोकरी जाईल."

मामा बाकावर चढला. त्याच्या पगारावर आमची दोन घरं चालत होती. त्यानं पहार उगारली आणि मला बाकाखाली दोन पाय दिसले. तुझी आई, तेव्हा पहिलीत. चपलेचा जोड सापडत नव्हता म्हणून घुसलेली. "थांब!" म्हणून मी ओरडले, तंगडी धरून तिला ओढली आणि तशीच दाराबाहेर काढली. चप्पल राहिली आत.

मामानं घाव घातला. काही नाही. परत घातला, नुसती पांढरी धूळ. मेल्याचं काम इतकं पक्कं! साहेबानं घड्याळ बघितलं. मग मामानं दात खाऊन पहार खुपसली आणि बाजूला उडी मारली. अर्ध्या छताचा खालचा थर कोसळला गं. बाकांचे तुकडे झाले. वर गंजलेले गज लोंबत होते, बोटानं मोडावेत असे.

धूळ बसली. मग साहेबानं हळू आवाजात विचारलं, "वरच्या वर्गात कोण आहे?"

वर चौथी भरलेली होती. सगळी पोरं आत.

साहेब, बाई, मामा, तिघं पायऱ्या चढले ते मांजराच्या पावलानं. घंटा द्यायची नाही, पळायचं नाही. भिंतीकडेनं एकेक पोर उतरवलं. त्यांना वाटलं खेळच आहे, तोंडावर बोट ठेवून उतरत होती. मी खाली हात धरून घेत होते. शेवटचं पोर उतरलं तेव्हा साहेबानं पायरीवर बसून शर्टानंच तोंड पुसलं. शाळेला त्याच दिवशी कुलूप लागलं. तोडफोडीचं त्यानं काही लिहिलं नाही. पैसे आमच्याच शाळेला आले.

बाई रडत हसत होत्या. मामा मात्र मैदानात मातीतच बसला. मी पाणी नेलं तर घेईना. म्हणाला, "ताई, मी वरून चुना मारत होतो आणि खाली पोरं बसत होती."

नव्या इमारतीत त्यानं थापीला हात लावला नाही. भिंतीला केसाएवढी भेग दिसली तरी भोवती विटकरीनं हे एवढं लाल रिंगण काढायचा, लांबून दिसेल असं. मास्तर चिडवायचे, मामा, नव्या भिंती कशाला गोंदवताय? मिस्त्री येऊन बघून जाईपर्यंत तो त्या रिंगणाखाली पोराला बसू द्यायचा नाही, एवढंच.