जोशीबुवांचं जुनं पंचांग

दर पाडव्याला आमच्याकडे वर्षफळ वाचायला एक काटकुळे जोशीबुवा येत. त्यांचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. त्या वर्षी मात्र त्यांनी नव्या पंचांगाबरोबर जुनंही आणलं.

प्लेगमुळे धारवाड सोडून आम्ही केलगेरीच्या माळावर झोपडीत राहत होतो. सगळे वाचलो होतो, पण आई सारा दोष नव्या वहिनीला देई. "हिचं पाऊल घरात पडलं आणि आम्ही घराबाहेर पडलो!" जोशीबुवांसमोरही तिनं तेच ऐकवलं. वहिनी चुलीकडे तोंड करून बसली.

बुवांनी चष्म्याचा दोरा कानाला गुंडाळला, जुनं पंचांग उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "आरोग्य, सुभिक्ष, घरोघरी आनंद!" मग म्हणाले, "अक्का, गेल्या पाडव्याला तुमच्या ओट्यावर बसून मी हेच वाचलं, वर पुरणाच्या चार होळग्या खाल्ल्या. खोटा मी पडलो. शिव्या मला द्या, सुनेला कशाला?"

आईनं खरंच दिल्या! मराठी संपल्यावर कानडीत दिल्या. प्रत्येक शिवीला बुवाही कानडीतच "हौद री, हौद री" असा होकार देत मान डोलवत. शेजारच्या झोपड्यांतली माणसं ऐकायला जमली. शेवटी आईला दम लागला आणि हसूही फुटलं.

"पाणी आण गं, बाळ," ती वहिनीला म्हणाली.

'बाळ' ऐकून वहिनी अशी धावली, की निम्मा तांब्या बुवांच्या नव्या पंचांगावर सांडला. वर्षफळ वाचायचं राहिलंच. ते वर्ष मात्र फार छान गेलं.