सुनेच्या नाटकातली सासू

सुनेने नाटकात मला कशी रंगवली आहे, हे चोरून वाचायच्या नादात मी घरचा कॉम्प्युटर एका अनोळखी माणसाच्या हवाली केला. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण जो तो आपल्या पद्धतीने सांगतो, आणि कुणाच्याच सांगण्यात मी पुरेशी मूर्ख नसते.

तेव्हा मी साठी नुकतीच ओलांडली होती. अंगणवाडीची नोकरी संपली होती. नोकरीच्या शेवटी शेवटी आम्हा बायांना कॉम्प्युटर शिकवला होता, त्याचं प्रमाणपत्र मी चौकटीत घालून समोरच्या खोलीत लावलं होतं, सासऱ्यांच्या फोटोच्याही वर. आलेल्या पाहुण्याची नजर तिकडे गेली नाही, तर ती बाई, म्हणजे तेव्हाची मीच, खिळा सरळ करायच्या निमित्ताने उठायची. त्या बाईला मी आता शहाणी म्हणते.

आमचं गाव गोंदियाकडे, केशोरीच्या अंगाला. दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. घरं पाहुण्यांनी भरतात आणि रात्रभर नाटक चालतं. एरवी बाहेरची कंपनी आणतात. त्या वर्षी गावच्या मंडळाने ठरवलं, नाटक आपलंच करायचं, आणि लिहायला सांगितलं माझ्या सुनेला. बचत गटाच्या कार्यक्रमात तिने बसवलेल्या एका प्रवेशावर लोक पोट धरून हसले होते, तेवढ्या भांडवलावर. बाईने लिहिलेलं नाटक आमच्या मंडपात तोवर झालं नव्हतं. मंडळाचा अध्यक्ष दारात उभा राहून म्हणाला, "कोजागिरीपर्यंत पुरं नाटक हातात पायजे, वहिनी. नाही झालं तर बाहेरच्या कंपनीले होकार देऊन टाकतो. मंग पुन्हा कोणी तुमाले इचारणार नाही."

सुनेने मान हलवली. आत येऊन तिने पाण्याचा अख्खा तांब्या उभ्याउभ्या संपवला.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला आणि ती लिहायला बसली. दुपारी भांडी झाली की कॉम्प्युटरपुढे. एकेक अक्षर शोधत टाइप करायची आणि टाइप करताना पुटपुटायची. मी खोलीत गेले की पुटपुटणं बंद. "तिकडून पाणी सोड, नाहीतर याद राख!" असं काहीतरी कानावर यायचं आणि शहाणी विचारात पडायची, की सकाळी न्हाणीतलं गरम पाणी मी जास्त घेतलं, त्यावरून तर नाही? एकदा "या घरात माझं कोण ऐकते?" हे वाक्य तिने चार वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहिलं. झालं. मला काय कळायचं ते कळलं.

शिवाय तिने त्या फाइलला पासवर्ड घातला. माझ्या मुलाने विचारलं, "काऊन वो, घरात कोणता चोर आहे?" तर म्हणाली, "कागदावर ल्याहलेलं या घरात कोणीबी वाचते." कोणीबी म्हणजे कोण, हे शहाणीला सांगावं लागलं नाही.

आमच्याकडच्या नाटकात सासू दोनच तऱ्हेची असते. एक सुनेला छळणारी, दुसरी लोकांना हसवणारी. यांतली मी कोणती, एवढंच मला पाहायचं होतं. पाहून मी फाइल बंद करणार होते. कुणाला कळणारसुद्धा नव्हतं.

कोजागिरीला थोडेच दिवस उरले होते. धान निसवला होता, तुडतुडा पडला म्हणून मुलगा फवारणीला शेतावर गेला होता. सून बचत गटाच्या बैठकीला अर्जुनीला. नातवंडं शाळेत. मी पदर खोचला आणि बसले. नातीचं नाव घालून पाहिलं, नातवाचं घातलं, मुलाचं घातलं. सुनेच्या माहेरच्या गावाचं घातलं. शेवटी स्वतःचंही घालून पाहिलं, याचं मला आजही हसू येतं. सुनेने सासूच्या नावाचं कुलूप लावलं असेल, अशी आशा त्या बाईला खरोखर होती.

मग मी कॉम्प्युटरलाच विचारलं, फाइल का पासवर्ड कैसे तोड़ें. हिंदीत, कारण कामाची गोष्ट हिंदीत केली की लवकर होते, ही गोंदियाच्या बाजारातली समजूत. एक पान उघडलं. त्यावर मोठ्या आकड्यांत फोन नंबर होता आणि खाली कानाला यंत्र लावलेली एक हसरी मुलगी. मी फोन लावला. मुलगी नाही, माणूस बोलला.

"बोलिए माताजी, क्या सेवा करें?"

माताजी! घरात मला इतक्या प्रेमाने कुणी माताजी म्हणत नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. सुनेचं नाटक आहे, तिने कुलूप लावलंय, मला फक्त जरासं पाहायचंय. तो हसला. "बहू को पता भी नहीं चलेगा, माताजी." त्याने सांगितलं ते मी उतरवून घेतलं, दाबा म्हणाला तिथे दाबलं, स्क्रीनवर आलेला आकडा वाचून दाखवला. मग माझा हात माऊसवर नसताना स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरायला लागला. मला काय वाटावं? कौतुक वाटलं. मी त्याला म्हटलं, "बेटा, वो नहीं, बाजूवाला. नाटक लिखा है ना, वो."

"वही देख रहा हूँ, माताजी."

बराच वेळ तो बघत राहिला. मी तेवढ्यात चहा ठेवून आले. परत येऊन पाहते तर स्क्रीन काळी, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि फोनवरचा आवाज तोच पण माणूस दुसराच वाटावा असा. पैसे मागत होता. मोबाइलवरून पाठवा म्हणाला. मी म्हटलं, माझं फक्त पासबुक आहे, तेही मुलाच्या कपाटात. त्यावर त्याने मला जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. फोन कटला.

मी बटण बंद केलं, चालू केलं. तीच काळी स्क्रीन. वायर काढली, पदराने पुसली, परत लावली. कॉम्प्युटरच्या पोटात सुनेचा पेन ड्राइव्ह खोचलेला होता. त्यात ती रोज नाटकाची दुसरी प्रत ठेवायची. तो उपटून काढला आणि मुठीत धरून बसले. घर इतकं शांत कधी झालं नव्हतं. भिंतीवर माझं प्रमाणपत्र.

सून संध्याकाळी आली. मी म्हटलं, "लाइन गेली होती, तेव्हापासून चालू नाही होऊन राहिला." ती वाकून वायर पाहायला लागली, तोच माझा फोन वाजला. हात कामात असतात म्हणून मी तो उचलते तो नेहमी स्पीकरवरच.

"माताजी, बहू का नाटक चाहिए कि नहीं?"

ती वाकलेली होती, तशीच राहिली. मग सरळ झाली आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी बोलायला लागले, म्हणजे कुठून सुरू करावं ते न कळून प्रमाणपत्रापासून सुरू केलं, आणि ती आत निघून गेली. आतून भाजी चिरल्याचा आवाज यायला लागला. त्या दिवशी आमच्याकडे पाव किलो मिरच्या चिरल्या गेल्या.

मुलाने तो फोन घेतला, त्या माणसाला दोन सणसणीत शिव्या दिल्या आणि नंबर बंद करून टाकला. मी कानातल्या रिंगा काढून पुढे केल्या. तो म्हणाला, "घाल त्या. पैसे देले तरी तो खोलून देणार नाही. असे लोक देत नाहीत." तरी दुसऱ्या दिवशी मी शेजारणीच्या फोनवरून तो नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला. आता तुम्ही म्हणाल, लागला असता तर काय बोलणार होतीस? हात जोडणार होते. फोनवर हात जोडलेले दिसत नाहीत, हेही मला तेव्हा सुचलं नाही.

मुलगा फवारणी अर्धी टाकून येऊ शकत नव्हता. मग मी आणि सून गोंदियाला निघालो. सीपीयू माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन बसले. सून खिडकीबाहेर पाहत होती. समोरच्या बाईने विचारलं, "लेकरू काय झोपलं का जी?" एरवी यावर मी गाडीचा डबा हसवला असता. मला हुंदका आला. त्या बाईने घाबरून मला मुरमुरे दिले.

गोंदियाच्या दुकानदाराने खोका उघडला, आतली डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला लावली. आम्ही दोघी काउंटरला धरून उभ्या. फाइलचं नाव दिसलं, 'नाटक'. सुनेने श्वास घेतला तो मला ऐकू आला. त्याने उघडलं. आत ओळीच्या ओळी चौकोन, आडव्या रेघा, चिन्हं, जशा ओल्या भिंतीवर मुंग्या. पेन ड्राइव्हमध्येही तेच.

"ताला तोड़ना होता तो तोड़ देता, अम्माजी," तो म्हणाला, "इसने तो अंदर का माल ही पीस दिया. कुछ नहीं बचेगा."

परतीच्या गाडीत सून एकच वाक्य बोलली. तेही मला नाही, खिडकीला. "आता मंडळाले नाही म्हणून सांगतो."

आणि मी, जिला आयुष्यभर शब्द कधी कमी पडले नाहीत, सीपीयूवरच्या लुगड्याची गाठ पुन्हा पुन्हा आवळत बसले. तिचं एकच काम होतं, जे कुणाच्या ताटात वाढायचं नव्हतं, कुणाच्या पायाखाली सारवायचं नव्हतं. ते मी घालवलं. कशापायी? माझ्याबद्दल काय लिहिलंय, यापायी.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "मंडळाले इतक्यात सांगू नको. चूल, लेकरं, ढोरं, सारं माझ्यावर. तू लिहून पाह्य." ती कोरे कागद घेऊन बसली. सकाळची दुपार झाली. कागद कोराच. मी चहा नेऊन ठेवला, तर तो तसाच निवला, वर साय धरली.

"आठवत नाही का वो?" मी विचारलं.

"आठवून नव्हतं ल्याहलं, आई. ते येऊन राहिलं होतं."

मी स्वयंपाकघरात परत गेले. दाराशी उभी राहिले, माझ्या नेहमीच्या जागी. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिकडून पाणी सोड, नाहीतर याद राख! बांध तुझा असंल, पाट गावचा आहे!"

तिने मान वर केली. "हे तुमाले कसं मालूम?"

"ऐकलं."

"कुठून?"

"इथूनच. दाराआडून."

"आणखी काय ऐकलं?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "सारंच," मी म्हटलं.

ती रागावेल म्हणून मी डोळे मिटले. तर खुर्ची ओढल्याचा आवाज. "या. बसा इथं. सांगा."

मग मी सांगत गेले. पावसाळाभर चोरून ऐकलेलं एकेक वाक्य, तिच्याच सुरात. कुठे ती थांबायची, कुठे दोनदा म्हणायची, कुठे स्वतःशीच हसायची. मी विसरले की तिला पुढचं आठवायचं. तिला अडलं की मला. काही मी चुकीचं सांगितलं, त्यावर ती म्हणाली, "हे मी असं नसतं ल्याहलं," आणि मग कसं लिहिलं होतं ते तिला आठवलं. कागदावर मात्र तिने डावा हात आडवा धरला होता, शाळेतल्या पोरीसारखा. मी मान लांब केली की हात आणखी आडवा. "हे कोण म्हणते?" विचारलं, तर, "तुमी सांगाचं काम करा जी."

शेवटचा प्रवेश आला आणि आम्ही थांबलो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोकं खाजवलं. शेवट मला ठाऊकच नव्हता. तो तिने एकाच बैठकीत लिहिला होता, आम्ही सारे कोहमाऱ्याला लग्नाला गेलो होतो त्या दिवशी. घरात ती एकटी. दाराआड कोणी नव्हतं.

"लई चांगला झाला होता तो," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. मला तो हक्क वाटला नाही. मी फक्त बसून राहिले. तो शेवट पुन्हा काही आला नाही. नंतर तिने दुसरा लिहिला. बरा होता, पण तिला विचाराल तर ती अजून त्या पहिल्यालाच शोधते.

कोजागिरीला वही मंडळाच्या हातात गेली. मंडईला नाटक झालं. त्यात एक सासू होती. प्रत्येक प्रवेशात दाराआड उभी, कानावरचा पदर मागे सारलेला, आणि आतले लोक काही बोलले की प्रेक्षकांकडे वळून "मी नाही ऐकलं बाप्पा!" म्हणायची. पहिल्यांदा ती हे म्हणाली तेव्हा अख्खा मंडप मागे वळून माझ्याकडे पाहायला लागला. मीही मागे वळून पाहिलं, जणू माझ्या पाठीमागे आणखी कोणी आहे. त्यावर तर टाळ्याच पडल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो. ती चहा गाळत होती. रस्त्याने जाणारा जो तो ओरडत होता, "काय जी, काही ऐकलं का आज?" मी सगळ्यांना हात दाखवत होते. पण एक गोष्ट पोटात राहून गेली होती, आणि तिच्यासाठी तर एवढं रामायण झालं होतं. मी म्हटलं, "बाई, आता तरी खरं सांग. पहिल्या नाटकात मी कशी होती? छळणारी का हसवणारी?"

तिने कप माझ्यापुढे ठेवला. गाळणी झटकली.

"आई, पहिल्या नाटकात सासू नव्हतीच जी."