डगआउटमधली शेवटची सीट

शशी तुळसकरला फुटबॉलमधलं काय कळत होतं असं विचाराल, तर काडीचंही नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे डेरेकने त्याला असंख्य वेळा समजावलं आणि प्रत्येक वेळी शशीने समजल्यासारखी मान हलवली. वेंगुर्ल्याचा हा माणूस कॉव्हेंट्रीतल्या एका कॉलेजात परीक्षा विभाग सांभाळायचा आणि शनिवारी कॉलेजच्या टीमचा मॅनेजर व्हायचा. मॅनेजर हे नाव भारदस्त, काम मात्र मिनीबस ठरवण्याचं आणि हाफटाइमला संत्री कापण्याचं. हा उपद्व्याप त्याने डेरेकसाठी मागे लावून घेतला होता.

डेरेक कॉलेजचा हेड कोच. जाडजूड, तापट, जन्म कॉव्हेंट्रीतलाच. शशी नवीन होता तेव्हा कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर कोणी बसत नसे, कारण डब्यात बांगडा असे. डेरेक एक दिवस येऊन बसला आणि वास कसला म्हणून विचारलं. शशीने भीत भीत डबा पुढे केला. त्यानंतर शशीने दोघांपुरता बांगडा आणायचा हे ठरूनच गेलं.

कॉलेजने नवं मैदान केलं तेव्हा शशी फोल्सहिल रोडवरच्या देशी दुकानातून नारळ घेऊन आला. आमच्या कोकणात जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला राखणदार असतो. त्याला जागेवाला म्हणतात, आणि त्याला न विचारता तिथे काही सुरू करत नाहीत. नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे काय हवं ते मोठ्याने मागायचं. मात्र गाऱ्हाण्याला एकटा माणूस चालत नाही. एकाने मागायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक मागणीला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं, तरच ते पोचतं. दुसरा माणूस आणायचा कुठून? शशीने डेरेकला ते दोन शब्द शिकवले. डेरेकने ते आपल्या घोगऱ्या, जाड आवाजात असे काही म्हटले की राखणदार दचकलाच असेल. पण त्या वर्षी टीम जिंकली, आणि मग दर हंगामाच्या आधी डेरेक स्वतःच नारळाची आठवण करू लागला.

तो गेला तो मैदानावरच. मैदानाच्या कडेला कोच आणि राखीव खेळाडू बसतात त्या छपरीला डगआउट म्हणतात. तिथल्या प्लॅस्टिकच्या सीट स्प्रिंगच्या असतात, माणूस उठला की आपोआप वर मिटतात. डेरेक कायम डाव्या टोकाला बसायचा, शशी त्याच्या शेजारी. फेब्रुवारीतल्या एका मॅचला शशी त्याला काहीबाही विचारत राहिला, आणि शेवटची शिट्टी झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ एकट्यानेच बोलतोय.

अंत्यविधीनंतर शशी नारळ घेऊन एकटाच मैदानावर गेला. दुःखात माणसाला शहाणपण सुचत नाही, त्यालाही सुचलं नाही.

“बा जागेवाल्या, माज्या दोस्ताक हयसरच ठेव. तेची जागा दुसऱ्या कोणाक दिव नको रे म्हाराजा!”

रिकाम्या डगआउटमधून जाड आवाजात उत्तर आलं, “होय म्हाराजा.”

शशीने स्वतःला सांगितलं, वारा असेल. पण त्या दिवसापासून डाव्या टोकाची सीट वर मिटेना. केअरटेकरने स्प्रिंगला तेल दिलं, मग स्प्रिंगच बदलली. सीट खालीच राहिली, जणू तिच्यावर कोणाचं तरी वजन आहे.

त्यानंतर आलेल्या कोचांचे नव्याचे नऊ दिवसही धड गेले नाहीत. एक आला, ‘इथे जमायचं नाही’ एवढंच म्हणून गेला. दुसरा तेही न म्हणता गेला. टीम बाहेर कुठे खेळली तर बरी खेळायची, घरच्या मैदानावर मात्र गोल होईना. टीम तळाला गेली. शेवटी प्रिन्सिपल मिसेस हॉलिस यांनी स्वच्छ सांगितलं की ही शेवटची निवड. या वेळी चांगला कोच मिळाला नाही तर फुटबॉल बंद, आणि मैदानाच्या जागी कार पार्क. निवड करायला त्या स्वतः, कॉलेजच्या नियामक मंडळातले एक गव्हर्नर आणि टीमला सगळ्यात जास्त वर्षं ओळखणारा म्हणून शशी.

मुलाखतीआधी प्रत्येक उमेदवाराने टीमची प्रॅक्टिस घ्यायची होती. पहिले गृहस्थ ऐटीत आले आणि डगआउटमध्ये नेमके डाव्या टोकाला टेकले. टेकले तसेच उठले. पँट चाचपून पाहिली, शशीकडे पाहिलं, आणि मुलाखतीला न थांबता निघून गेले. गव्हर्नर म्हणाले की आजकाल लोकांना वेळेची किंमत नाही. शशीने मात्र त्या सीटकडे पाहिलं.

दुसरा उमेदवार टॅब्लेटवर बाण काढून दाखवत होता आणि मुलं ऐकत नव्हती. म्हणजे ऐकत होती, पण काही सांगितलं की आधी डगआउटच्या डाव्या टोकाकडे बघायची आणि मग पळायची. तो चिडून ओरडला तेव्हा सगळ्यांनी एकदमच तिकडे पाहिलं. यातल्या एकाही मुलाने डेरेकला कधी पाहिलेलं नव्हतं. ती सगळी यंदाच कॉलेजात आलेली होती.

तिसरी मार्शा बेनेट. तीही डेरेकसारखी कॉव्हेंट्रीचीच, मुलींच्या एका टीमला तळातून वर काढलेली. तिने थोडा वेळ प्रॅक्टिस घेतली, मग नुसतीच उभी राहून बघत राहिली. मुलाखतीत मिसेस हॉलिस खूश दिसल्या, गव्हर्नरही. नोकरी तिचीच हे सगळ्यांना कळलं. तेव्हा मार्शा शशीकडे वळली.

“मला हे काम हवंय,” ती म्हणाली, “पण ही मुलं दुसऱ्या कोणाची तरी परवानगी घेऊन खेळतात. तो माणूस कोण हे मी विचारणार नाही. तो आहे तोवर मी सही करणार नाही.”

मिसेस हॉलिसना वाटलं ती एखाद्या शिक्षकाबद्दल बोलतेय. त्यांनी चौकशीचं आश्वासन दिलं. शशी टेबलाकडे बघत राहिला.

घरी आल्यावर त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. त्याच्या बायकोने, नंदाने, खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. नंदाही कोकणातलीच, मालवणची. हसली नाही, घाबरलीही नाही, फक्त हातातला डाव खाली ठेवला.

“अहो, करायला गेलात गणपती आणि झाला मारुती,” ती म्हणाली. “गाऱ्हाणं तुम्ही घातलंत, आता तुम्हीच ते सोडवा. उद्या मॅचच्या आधी जा.”

शशी हळूच म्हणाला, “मी शेजारी बसतो ना, तेव्हा तो बोलतो गं. रेफरीने शिट्टी मारली की मी विचारतो, का रे? आणि तो सांगतो. अजून मला ऑफसाइड समजावतो तो. तो गेला तर मी तिथे कोणाशेजारी बसू?”

नंदाचे डोळे भरले, पण ती आपलं म्हणणं सोडणारी नव्हती.

“मेलेल्या माणसाला तुम्ही ड्यूटीवर ठेवलंय. त्याला रिटायर तरी होऊ द्या.”

सकाळी मैदानावर धुकं होतं. पलीकडचा गोल दिसत नव्हता. मार्शा एकटीच लवकर येऊन कडेला उभी होती. येतेस का, हे विचारायला शशीने तिला फोन केला होता, कशासाठी ते सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नाही. शशीने डगआउटसमोर नारळ ठेवला, बूट काढले आणि ओल्या गवतावर हात जोडून उभा राहिला.

“बा जागेवाल्या, ह्यो नारळ तुका दिलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा,” डाव्या टोकाकडून आवाज आला. तोच जाड, घोगरा. मार्शाने मान तिकडे वळवली, म्हणजे तिलाही तो ऐकू आला होता.

“ह्या पोरांची राखण कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा.”

पुढचे शब्द त्याने रात्रभर घोकले होते, तरी बाहेर पडेनात.

“मागच्या खेपेक मी मागलंय ता चुकला. माज्या दोस्ताक आता मोकळो कर. तेची जागा ह्या नव्या माणसाक दी रे म्हाराजा!”

उत्तर आलं नाही. शशीने पुन्हा म्हटलं, आवाज चढवून. धुक्यातून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. सीट खालीच होती. आणि तेव्हा त्याला कळलं की आजवर मागेल त्याला होय म्हणणारा हा माणूस या एकाच गोष्टीला होय म्हणत नव्हता. त्यालाही जायचं नव्हतं. एकट्या शशीलाच सोडवत नव्हतं असं नाही.

इतकी वर्षं डेरेकने आपल्यासाठी होय म्हटलं, आता त्याच्यासाठी कोण म्हणणार? शशीने डोळे मिटले.

“होय म्हाराजा,” तो स्वतःच म्हणाला.

खाट्‌कन आवाज झाला. सीट वर मिटली होती आणि स्प्रिंगवर थोडी थरथरत होती. मार्शाने वाकून शशीचे बूट उचलले आणि त्याच्या हातात दिले.

सही तिने मॅच सुरू होण्याआधीच केली. कोच म्हणून तिच्या नावाची नोंद अजून व्हायची होती, तरी मिसेस हॉलिसनी तिला टीमसोबत बसू दिलं. ती डाव्या टोकाला बसली, शेजारी शशी. मुलं तिने सांगितलं की सरळ पळत होती, इकडेतिकडे बघत नव्हती. हाफटाइमच्या आधी घरच्या मैदानावर त्यांचा गोल झाला आणि मुलं एकमेकांच्या अंगावर पडली. शशीने उभं राहून टाळ्या वाजवल्या. टीम वाचली, हे त्याला तिथेच कळलं, आणि त्याला मनापासून आनंद झाला.

मग ऑफसाइडचा झेंडा वर गेला आणि रेफरीने शिट्टी मारली. शशी सवयीने डावीकडे झुकला.

“का रे?” त्याने विचारलं.

मार्शाने त्याच्याकडे पाहिलं. तिला मराठी येत नव्हतं. शशी थोडा वेळ तसाच झुकून थांबला, मग समजल्यासारखी मान हलवून संत्री कापायला उठला.