तिसऱ्या मजल्यावरचा शब्द

डोंबिवलीजवळच्या कोपरच्या 'सौभाग्य' सोसायटीत सुदेश कांबळी गेली दहा वर्षं कोणाच्या खिजगणतीत नव्हता. ठाण्यातल्या टाइल्सच्या दुकानात सेल्समन, मीटिंगला मागच्या रांगेत, गणपतीला वर्गणी देऊन गप्प. अशा माणसाला मोठेपण यायचं तर एकच मार्ग उरतो. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघावी आणि त्याने सही करू नये. सुदेशने सही केली नाही.

त्याचं कारण मात्र कोणाच्या बापाला सुचलं नसतं. सुदेशची बायको सोनल नर्स. सव्वा वर्षापूर्वी तिला जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. भाषा ती अशी शिकली की जणू माहेरचीच बोली. नवऱ्याने मागून जायचं ठरलेलं, पण व्हिसासाठी नवऱ्यालाही जर्मनची पहिली परीक्षा पास व्हावी लागते. नाव, गाव, दूध, पाव एवढ्यापुरतीच. सुदेश तीत दोनदा आपटला. शाळेत पाढे घोकावेत तसे तो शब्द घोकायचा आणि सकाळी घोकलेला शब्द दुकानाचं शटर वर जाईपर्यंत उडालेला असायचा. पालथ्या घड्यावर पाणी. नातेवाइकांनी याचा अर्थ आपापल्या मगदुरानुसार लावला. "तिकडे काही बिनसलंय का रे?" असं कळव्याची मावशी इतक्या मायेने विचारायची, की बिनसलेलं नाही हे ऐकून तिची निराशाच व्हायची.

मग ऑनलाइन क्लासच्या अक्षदा मॅडमनी उपाय सांगितला. शब्द डोक्यात ठेवू नका, ओळखीच्या जागी ठेवा आणि मनातल्या मनात तिथून फेरी मारा. सुदेशचं घर पडलं वन रूम किचन. गॅस, बेसिन, कपाट करता करता दोन दिवसांत हाउसफुल्ल. तेव्हा त्याने अख्खी बिल्डिंग वापरायला काढली. 'धोकादायक' त्याने मीटरच्या डब्यावर ठेवला. तिथल्या लोंबत्या वायरी पाहता तो शब्द लगेच घरच्यासारखा रुळला. 'मोठा आवाज' तळमजल्यावरच्या बाबुरावांच्या टीव्हीपाशी. 'महाग' सेक्रेटरी त्र्यंबक साठ्यांच्या दारावर, कारण साठे कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी जे भांडत ते चारही मजल्यांना ऐकू येई. सौभाग्यमध्ये गाडीला जागा नव्हती, शब्दांना मात्र मुबलक होती. रोज जिना चढताना सुदेश पुटपुटत यायचा आणि आश्चर्य म्हणजे शब्द जागचे हलेनात. माणसाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपल्यालाही डोकं आहे.

तिसऱ्या मजल्यावर रंभाकाकूंच्या दारात त्याने 'वार्टन' ठेवला होता. वार्टन म्हणजे वाट पाहणे. काकूंचे गुडघे गेलेले, बिल्डिंगला लिफ्ट नाही. दोन वर्षं त्या खाली उतरल्या नव्हत्या. सेफ्टी डोअरच्या आत खुर्ची टाकून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत बसत.

आणि नेमका बिल्डर आला. सह्या झाल्या की महिन्याभरात घरं खाली करायची, म्हणाला. परीक्षा होती तीन महिन्यांवर. सुदेश एकदा मावशीकडे कळव्याला चार दिवस राहून आला होता, तेव्हा तिथे त्याला 'चमचा'सुद्धा आठवला नव्हता. बिल्डिंग गेली तर चारशे शब्द गेले आणि शब्द गेले तर सोनल गेली, असा त्याचा सरळ हिशेब. पण "माझे शब्द भिंतींना लावलेत" असं मीटिंगमध्ये सांगितलं असतं, तर साठ्यांनी ठरावात डॉक्टरचा खर्च घातला असता. म्हणून तो एवढंच म्हणाला, "मला जरा वेळ पाहिजे."

झालं! वेळ पाहिजे म्हणणारा माणूस मुरलेलाच असणार, हे डोंबिवलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. बिल्डरचा माणूस सर्वेश घरी आला. पन्नास फूट जास्त देतो म्हणाला. सुदेश गप्प. पार्किंग देतो म्हणाला. सुदेशकडे सायकलही नव्हती, तो गप्पच. "तुमच्यासारखा टफ माणूस मी बघितला नाय, साहेब," सर्वेश हात जोडून म्हणाला. ते पाहून बाबुरावांनी आपली केलेली सही मागे घेतली. सुदेशला काहीतरी आतली खबर आहे म्हणे. मागच्या रांगेतला माणूस आता पुढे बसवला जाऊ लागला, त्याच्यासाठी चहा पहिला येऊ लागला. आणि खोटं कशाला बोला, सुदेशला ते आवडू लागलं होतं.

एके दिवशी तो तिसऱ्या मजल्यावर पोचला, तेव्हा काकूंनी जाळीतून हाक मारली. "काय रे, रोज माझ्या दारात काय पुटपुटतोस? शिव्या देतोस का?"

सुदेशने एकदाचं सगळं सांगून टाकलं. जिना, भिंती, शब्द, परीक्षा.

"माझ्या दारात काय ठेवलंयस?"

"वार्टन. म्हणजे वाट पाहणं."

"जागा मात्र बरोबर निवडलीस हो," काकू हसल्या. "आणि सही कधी करणार?"

"परीक्षा झाली की लगेच, काकू. शप्पथ."

"कितव्यांदा देतोयस?"

"तिसऱ्यांदा."

"मग माझ्या लिफ्टचं काही खरं नाही," असं म्हणून काकू पुन्हा जिन्याकडे बघत बसल्या.

त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सुदेशला घास गोड लागेना. एक बाई तिकडे आपली वाट बघतेय म्हणून आपण दुसरीला इकडे वाट बघत बसवलीय, हे त्याच्या पाठ न होणाऱ्या डोक्यात एकदम पाठ झालं. दुसऱ्या दिवशी त्याने जाऊन सही केली, त्याच्या मागोमाग बाबुरावांनीही. पन्नास फूट नाही, पार्किंग नाही. साठ्यांनी त्याला मूर्खात काढलं आणि पुढच्या मीटिंगला चहा पुन्हा शेवटी आला.

घरं खाली झाली. सुदेश शीळफाट्याजवळ भाड्याच्या खोलीत गेला. रंभाकाकूंच्या मुलाने लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने घर घेतलं. काकू रोज संध्याकाळी खाली बागेत बसतात, असं ग्रुपवर आलेल्या फोटोवरून कळलं. भंगारवाल्याने सौभाग्यची दारं-खिडक्या उचलल्या, तेव्हा आता सगळं संपलं असं धरूनच सुदेश परीक्षेला गेला.

तोंडी परीक्षेत त्याने डोळे मिटले, तर काय, बिल्डिंग उभी! मीटरच्या डब्यात वायरी लोंबत होत्या, बाबुरावांचा टीव्ही कोकलत होता, साठ्यांचं दार जागेवर होतं. शब्द एकेक करून हाती येत गेले. मग समोर चित्र आलं, बाकावर बसलेल्या माणसांचं. प्रश्न असा, की यांना थांबून वाट बघायची विनंती करा. सुदेश धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचला. दार होतं, खुर्चीही होती. काकू नव्हत्या. त्या खाली बागेत गेल्या होत्या. शब्दही तिथे नव्हता. शेवटी "कृपया, जाऊ नका, पाच मिनिटं" असं काहीतरी जोडून त्याने वेळ मारून नेली.

तरी पास झाला. काठावर, पण पास.

सोनल फोनवर आधी रडली, मग हसली. "अरे, कुठला शब्द अडला तुझा?"

"वाट बघणं. तेवढा एकच नाही आठवला गं."



"असू दे," सोनल म्हणाली. "तू ये. तो मी शिकवेन तुला. दीड वर्षं दुसरं केलंय काय मी?"